मंदावलेला लॅपटॉप आणि स्मृतीची जोड

पुण्याच्या दक्षिण भागातील स्वारगेट हे नाव ग्रामीण महाराष्ट्राला एस.टी.मुळे परिचित आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या दिशांना जाणाऱ्या गाड्या येथून सुटतात. भोर आणि सासवडकडील माणसांचे पुण्यातील पहिले पाऊल बहुधा येथेच पडते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून येथील वर्दळीत आणखी भर पडली आहे. या वर्दळीत जिल्ह्याच्या ठिकाणी कामासाठी आलेले ग्रामपंचायतीचे कर्मचारी असतात, शिक्षक असतात, केंद्रचालक असतात. आणि त्यांतील काहींच्या पिशवीत अलीकडे एक नवे ओझे असते. ते म्हणजे संथ झालेला लॅपटॉप. स्वारगेटहून निघणाऱ्या टिळक रस्त्यावर आणि पुढे सदाशिव पेठेच्या परिसरात संगणकविक्री व दुरुस्तीची दुकाने आहेत. तेथे विचारला जाणारा प्रश्न ठरावीक असतो : "हा चालेल, की नवा घ्यावा लागेल?"

हा प्रश्न वरवर पाहता खाजगी वाटतो. पण तसा तो नाही. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांचे दाखले, कराच्या नोंदी, विकास आराखडे आणि जमाखर्च हे सारे आता संगणकावरून होते. शाळांची माहिती 'सरल' आणि 'यू-डायस प्लस' या प्रणालींवर भरावी लागते. एक पान उघडण्यास दोन मिनिटे लागू लागली, की दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेला माणूस दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहतो आणि शिक्षकाचा वर्गातील तास माहिती भरण्यात जातो. यंत्राच्या संथपणाची किंमत अशी माणसाच्या वेळात चुकवावी लागते. यावर नवे यंत्र हाच उपाय असेल, तर तो करावाच लागेल. तथापि अनेकदा त्याहून पुष्कळच स्वस्त उपाय पुरेसा ठरतो. तो म्हणजे संगणकाच्या स्मृतीत वाढ करणे.

फलाट आणि आगार

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते, आणि या दोहोंची गल्लत नेहमी होते. एक कायमचे कोठार. त्यास हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणतात. यंत्र बंद केले तरी तेथील मजकूर पुसला जात नाही. दुसरी कार्यस्मृती, दुकानदार आणि वापरणारे तिला सरसकट 'रॅम' म्हणतात. चालू असलेल्या कामापुरती माहिती तिच्यात राहते आणि वीज गेली की नाहीशी होते. "माझ्या लॅपटॉपची मेमरी पाचशे जीबी आहे" असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा तो कोठाराविषयी बोलत असतो, कार्यस्मृतीविषयी नव्हे.

स्वारगेट स्थानकाचेच उदाहरण घेतले, तर हा भेद चटकन ध्यानात येईल. आगारात गाड्या पुष्कळ उभ्या राहू शकतात. परंतु प्रवासी चढतात ते फलाटावर लागलेल्या गाडीतच. फलाट मोजके असतात. आगार हे संगणकाचे कोठार होय, आणि फलाट म्हणजे कार्यस्मृती. गाड्या वाढल्या आणि फलाट तेवढेच राहिले, तर एक गाडी मागे आगारात नेल्यावाचून दुसरी लावता येत नाही. मग चालक कितीही कुशल असो, त्याचा बराचसा वेळ गाड्या आत-बाहेर करण्यातच जातो. संगणकाचा मेंदू समजला जाणारा प्रोसेसर हा तो चालक होय. स्मृती भरली की तिच्यातील काही भाग कोठारात नेऊन ठेवावा लागतो आणि गरज पडताच परत आणावा लागतो. संगणक 'अडकतो' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ही ने-आणच चालू असते.

ही ने-आण इतकी महाग का पडते, हे आकड्यांवरून दिसते. कार्यस्मृतीतून माहितीचा एक तुकडा मिळण्यास साधारणपणे सेकंदाचा एक कोट्यंश भाग लागतो. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते. तिच्यावरील योग्य जागी वाचक-शीर्ष पोहोचण्यास सरासरी सेकंदाचा शतांश भाग किंवा त्याहून अधिक काळ जातो. म्हणजे फरक सुमारे एक लाख पटींचा झाला. स्मृतीतून माहिती काढण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर त्याच मापाने तबकडीवरून ती काढण्यास सुमारे २८ तास लागतील. फिरते भाग नसलेल्या एसएसडीला मात्र याच मापाने साधारण १७ मिनिटे पुरतील. स्मृती कमी पडली की यंत्राचा वेग थोडाथोडका न घटता एकदम का कोसळतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

टिफ्रॅकपासून आजपर्यंत

संगणकाच्या स्मृतीचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये रीतसर कामास लागला आणि १९६२ मध्ये त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्याची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म चुंबकीय कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत; आजच्या मापात सुमारे १० किलोबाइट. आज साध्या लॅपटॉपमध्ये असणारी ८ जीबी स्मृती ही त्याच्या आठ लाख पटींहून अधिक भरते.

आजच्या स्मृतीची मूळ कल्पना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची. त्यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले, आणि १९७० मध्ये इंटेल कंपनीने या तत्त्वावरील चिप बाजारात आणली. या स्मृतीत प्रत्येक अंक विजेच्या अतिसूक्ष्म साठ्याच्या रूपाने राहतो. हा साठा गळक्या रांजणासारखा असतो. त्यातील वीज सतत झिरपत असल्यामुळे तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वीजपुरवठा थांबताच रांजण रिकामे होतात. दिवे गेल्यावर न जतन केलेला मजकूर का हरवतो, याचे कारण हेच.

पुण्यात १९८८ मध्ये 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्या काळी प्रयोगशाळांतही दुर्मीळ असणारी गणनशक्ती आज गावच्या शाळेतील टेबलावर आली आहे. परंतु यंत्रांबरोबर कामाचा बोजाही वाढला. आजच्या विंडोज प्रणालीला स्वतःपुरतीच साधारणपणे दोन ते अडीच जीबी स्मृती लागते. ब्राउझरमध्ये चार-सहा पाने उघडली, की आणखी एक-दीड जीबी जाते. चित्र दाखविण्यासाठी स्वतंत्र चिप नसलेले लॅपटॉप स्मृतीचा काही भाग त्या कामीही राखून ठेवतात. काही वर्षांपूर्वी ४ जीबी स्मृतीसह घेतलेला लॅपटॉप आज धापा टाकतो, त्यात त्याचा दोष थोडा आणि वाढलेल्या भाराचा अधिक असतो.

आधी निदान, मग उपचार

पैसे खर्च करण्यापूर्वी दुखणे कोठे आहे हे पाहिले पाहिजे. त्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. नेहमीचे काम चालू असताना कळफलकावरील कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या विभागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो.

मेमरीचा आकडा ८५ ते ९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि त्याच वेळी डिस्कही शंभराला भिडत असेल, तर फलाट अपुरे पडत आहेत. स्मृती वाढविल्याने फरक पडेल. मेमरी निम्मी रिकामी असूनही डिस्क शंभरावर असेल, तर दोष संथ तबकडीचा आहे. तेथे एसएसडी बसविणे हा खरा उपाय. प्रोसेसरच सतत शंभरावर असेल, तर एखादा अनावश्यक वा घातक प्रोग्राम चालू आहे काय, किंवा पंख्यात धूळ साचून यंत्र तापते आहे काय, हे तपासावे. तिन्ही आकडे शांत असून केवळ एखादे शासकीय संकेतस्थळच उघडत नसेल, तर अडचण इंटरनेटच्या जोडणीत अथवा पलीकडच्या केंद्रीय संगणकात आहे. अशा वेळी लॅपटॉपवर केलेला खर्च वाया जाईल.

योग्य पट्टीची निवड

लॅपटॉपची स्मृती बोटभर लांबीच्या पट्टीवर बसविलेली असते. या पट्ट्यांच्या पिढ्या आहेत आणि एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही. २००७ च्या सुमारास डीडीआर-३, २०१४ मध्ये डीडीआर-४ आणि २०२० नंतर डीडीआर-५ अशी त्यांची वाटचाल आहे. लॅपटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २०४, डीडीआर-४ ला २६० आणि डीडीआर-५ ला २६२ संपर्कबिंदू असतात. प्रत्येकीची खाच निराळ्या जागी असते, जेणेकरून चुकीची पट्टी आत जाऊ नये. डीडीआर-३ मध्येही १.५ आणि १.३५ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत. जे लॅपटॉप १.३५ व्होल्टवर चालतात त्यांना त्याच प्रकारची पट्टी लागते.

खरेदीपूर्वी चार गोष्टींची खात्री करावी. पहिली, पिढी कोणती. दुसरी, पट्टीसाठी जागा किती आणि त्यांपैकी रिकाम्या किती. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स युज्ड' या शब्दांपुढे हे दिसते. तिसरी, त्या मॉडेलला जास्तीत जास्त किती स्मृती चालते; हे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. चौथी, विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची. ३२ बिटच्या प्रणालीला साधारणपणे ४ जीबीच्या पलीकडची जागा मोजताच येत नाही. त्यावर ८ जीबी बसविली, तरी वरची निम्मी निरुपयोगी पडून राहते.

पातळ बांध्याच्या अनेक लॅपटॉपमध्ये स्मृती मुख्य पटलावर कायमची डाखलेली असते. तेथे नवी पट्टी घालण्यास जागाच नसते. म्हणून नवा लॅपटॉप घेतानाच स्मृती वाढविता येते काय, हे विचारून घेणे शहाणपणाचे. कार्यालयासाठी खरेदी करताना ही अट मागणीपत्रातच नमूद केली, तर पुढील काही वर्षांची चिंता मिटते.

वेगाचाही विचार करावा. दोन पट्ट्या भिन्न वेगांच्या असतील, तर दोन्ही कमी वेगाने चालतात. शक्य असल्यास समान क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवाव्यात. त्यामुळे माहितीच्या वाहतुकीस दोन मार्ग मिळतात. पत्रव्यवहार, तक्ते आणि संकेतस्थळांवरील नोंदी एवढ्या कामास ८ जीबी पुरेशी आहे. अनेक प्रणाली एकाच वेळी उघड्या ठेवाव्या लागत असतील, तर १६ जीबी घ्यावी. गरज नसता त्याहून अधिक घेतल्याने वेग वाढत नाही. गाड्याच कमी असतील, तर फलाट वाढवून काय उपयोग?

बसविण्याची रीत

ज्या लॅपटॉपच्या पाठीमागील झाकण सहज निघते, त्यात पट्टी बसविणे हे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करावा; नुसता झोपवून ठेवू नये. चार्जर काढावा. बॅटरी सुटी होत असल्यास ती काढावी, आत बसविलेली असल्यास तिची जोडणी सोडवावी. त्यानंतर चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. अंगावरील स्थिर वीज चिपला घातक असते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, विशेषतः कृत्रिम धाग्यांचे कपडे असताना, ती अधिक साठते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा आणि पट्टी नेहमी कडेने धरावी.

पट्टीची खाच आणि स्लॉटमधील उंचवटा जुळवून पट्टी तिरकी आत सरकवावी, नंतर हलकेच खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक्' असा आवाज आला, की ती बसली. जोर लावावा लागत असेल, तर काहीतरी चुकते आहे असे समजून थांबावे. यंत्र प्रथम चालू होण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ घेऊ शकते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. वाढलेली स्मृती टास्क मॅनेजरमध्ये दिसते की नाही ते पाहावे आणि विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' ही चाचणी एकदा चालवावी. ज्या लॅपटॉपला उघडण्यासाठी कळफलकच काढावा लागतो, ते मात्र जाणकाराकडेच द्यावेत.

दुकानात जाताना घ्यावयाची काळजी

ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या लॅपटॉपमध्ये नागरिकांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती आणि विद्यार्थ्यांची माहिती असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे. ही जबाबदारी दुरुस्तीच्या काळातही संपत नाही. स्मृतीची पट्टी डोळ्यांदेखत बसवून घेता येते. त्यासाठी लॅपटॉप रात्रभर दुकानात ठेवण्याची अथवा पासवर्ड देण्याची आवश्यकता नसते. डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी चावी लॅपटॉपला लावलेल्या स्थितीत कधीही देऊ नये. एका स्वाक्षरीवर निधीचे प्रदान होऊ शकते, याचे भान सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोघांनीही ठेवावे. डिस्क बदलावयाची असल्यास मजकुराची प्रत आधी काढून घ्यावी आणि जुनी डिस्क परत मागून घ्यावी.

यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास ते उघडल्याने हमी बाधित होते काय, हे उत्पादकाकडून विचारून घ्यावे. पावतीवर पट्टीची क्षमता, पिढी, वेग आणि हमीचा काळ लिहून घ्यावा. वापरलेली पट्टी नवी म्हणून गळ्यात मारण्याचे प्रकार त्यामुळे टळतात. कार्यालयीन यंत्र असेल, तर खरेदीचे प्रचलित नियम पाळून पट्टीची नोंद जडवस्तूंच्या नोंदवहीत त्या यंत्रापुढे करावी. काढलेली जुनी पट्टीही कार्यालयाचीच मालमत्ता असते.

किमतीबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जगातील बहुतांश स्मृती-चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मोठी मागणी आल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतीचे भाव जगभर झपाट्याने चढले. त्यामुळे जुन्या दराच्या आधारे अंदाजपत्रक न करता, खरेदीच्या वेळी दोन-तीन ठिकाणचे दर घ्यावेत. आणि पट्टीचा खर्च यंत्राच्या उरलेल्या आयुष्याशी ताडून पाहावा.

उपायाच्या मर्यादा

स्मृती वाढविल्याने सर्व रोग बरे होत नाहीत. ज्या लॅपटॉपमध्ये अद्याप फिरती तबकडी आहे, त्याला एसएसडी बसविल्याने मिळणारा वेग बहुधा अधिक जाणवतो. दोन्ही एकदम केल्यास सात-आठ वर्षांचे यंत्रही कार्यालयीन कामास पुन्हा उपयोगी पडते. दुसरी मर्यादा प्रणालीची. विंडोज १० ला मिळणारा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती तर लागतेच, शिवाय 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. या अटी नवी पट्टी बसवून पूर्ण होत नाहीत. आधी ही पात्रता तपासावी, मगच खर्च करावा.

अपात्र यंत्रे भंगारातच काढावीत असे मात्र नाही. लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली कमी स्मृतीतही चालतात. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही अशीच एक भारतीय प्रणाली असून तीत मराठीची सोय आहे. केरळमधील शासकीय शाळांनी मुक्त प्रणालींचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला आहे. लेखन, तक्ते आणि वर्गातील सादरीकरण यांसाठी त्या पुरेशा आहेत. ज्या कामासाठी विशिष्ट प्रणालीच लागते, ते काम तेवढे नव्या यंत्रावर ठेवावे.

जे यंत्र खरोखरच निकामी झाले असेल, त्याचीही विल्हेवाट नियमानेच लागली पाहिजे. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे जावा, हा त्यांचा उद्देश आहे. संगणकात शिसे व अन्य घातक द्रव्ये असतात. उघड्यावर जाळल्यास ती गावाच्याच हवेत, मातीत आणि पाण्यात उतरतात. दुरुस्तीचा ग्राहकाचा हक्क मान्य करून केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्त होण्याजोगी वस्तू दुरुस्त करून वापरण्याची रीत आपल्या घरोघरी जुनीच आहे. पितळी भांड्याला कल्हई लावणारी पिढी भांडे टाकून देत नसे.

टास्क मॅनेजरमधील तीन आकडे वाचण्यास पाच मिनिटे लागतात. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने आपापल्या यंत्रांची अशी तपासणी करून कोणत्या यंत्राला स्मृती हवी, कोणत्याला एसएसडी आणि कोणते बदलणेच इष्ट, याची यादी एकदा केली, तर निधी योग्य ठिकाणी लागेल. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला पहिल्या गाडीने कामावर परतता यावे, यासाठी एवढे श्रम फार नाहीत.